अनंताची कुंडी बदलून घेतली : घरी येऊन रिपॉटिंग करून देणाऱ्या नर्सरीचा अनुभव, नाशिक

4 स्टार देतेय. त्यातले साडेतीन जे दादा घरी आले होते त्यांचे, आणि उरलेला अर्धा नर्सरीच्या ऑफिसचा, तो पण फोन पहिल्या रिंगला उचलतात म्हणून. नर्सरीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि नाशकात घरपोच माळी पाठवणाऱ्या नर्सऱ्या आता बऱ्याच झाल्यात, सगळ्यांचं साधारण असंच चालतं, मग एकाच्याच नावाने कशाला बोंब मारायची. तुम्ही कोणाकडूनही करून घेणार असाल तरी खालचं सगळं उपयोगी पडेल.

तर झाड म्हणजे अनंत. नर्सरीत गार्डेनिया म्हणून मागितलं तरी हेच मिळतं. आमचा चांगला जुना आहे, सासूबाईंनी लावलेला, उंची माझ्या खांद्याएवढी, खोड अंगठ्यापेक्षा जाड, आणि तो होता सिमेंटच्या पोटवाल्या कुंडीत, म्हणजे मधे फुगीर आणि तोंडाशी अरुंद, वरून गेरूचा रंग मारलेली ती जुनी स्टाईल. इंदिरानगरला आमची बाल्कनी पूर्वेची, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली, त्यामुळे जागा त्याला एकदम मानवलेली आहे. दरवर्षी मे-जूनमध्ये फुलायचा. एक फूल देवघरात ठेवलं तरी अख्खं घर घमघमायचं.

पण गेल्या दोन सीझनपासून कळ्या यायच्या, फुगायच्या, आणि उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळायच्या. पाणी घातलं की दोन मिनिटांत खालच्या ताटलीत हजर, म्हणजे झाडाने घेतलंच नाही, कुंडीच्या कडेने सरळ खाली उतरलं. तरी दुपारी पानं मलूल. नवीन पालवी पिवळी आणि तिच्यावर शिरा मात्र हिरव्या. कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर येऊन ताटलीत पसरलेली. एवढं सगळं दिसल्यावर वरून आणखी खत घालण्यात काही अर्थ नसतो, आत मातीच उरलेली नसते, नुसती मुळं असतात. एवढं झाड आणि ती सिमेंटची कुंडी मिळून वजन पन्नास किलोच्या घरात, घरातल्या माणसांनी कंबर मोडून घेण्यापेक्षा बाहेरचा माणूस बोलवू म्हटलं.

बुकिंग व्हॉट्सअॅपवर. रेट असे आहेत : येण्याचे 250, त्यानंतर कुंडीच्या तोंडाच्या मापाने, 12 इंचापर्यंत 150 आणि 14 च्या वर 400, मिक्स, म्हणजे कुंडीत भरायची तयार माती, त्यांचंच घ्यायचं, मोठी बॅग 350. हे मापाचं गणित मला काही पटलं नाही. 12 इंचाच्या कुंडीत वर्षभरापूर्वी लावलेलं शेवंतीचं रोप आणि त्याच मापात सात-आठ वर्षं अडकलेली जास्वंद यांचं काम एकसारखं आहे का? एक पाच मिनिटांचं आणि दुसरं तासाभराचं. पण ठीक आहे, आपल्याला फायद्याचंच झालं म्हणायचं.

आता ऑफिसची तक्रार. फोटो पाठवला तर लगेच उत्तर आलं की मॅडम झाड खूप मोठं झालंय, याला 20 इंचाची फायबरची कुंडी लागेल, आमच्याकडे 1800 ला आहे, सोबत प्रीमियम पॅकेज घ्या, त्यात बोनमील (हाडांचा चुरा), मुळं फुटायची रूटिंग पावडर, लिक्विड टॉनिक सगळं येतं. एकूण बिल तीन हजारांच्या वर. नाकापेक्षा मोती जड! मी म्हटलं आधी माणूस पाठवा, तो बघेल, मग कुंडीचं ठरवू. त्यावर जरा नाराज झाले पण पाठवला.

आणि इथून पुढे सगळं चांगलं. दादांनी आदल्या दिवशी स्वतः फोन केला. कुंडीचा फोटो बाजूने काढून पाठवा म्हणाले, तोंड आणि पोट दोन्ही दिसलं पाहिजे. मग विचारलं फुलं संपली का? संपली म्हटलं. मग म्हणाले आज संध्याकाळी झाडाला पोटभर पाणी द्या, कोरडं ठेवू नका, उद्या मुळं कापली की त्याला वरून पाणी ओढता येणार नाही, पानांत असेल तेवढ्यावरच काढायचंय. ऑफिसच्या मेसेजमध्ये बरोबर उलटं लिहिलेलं होतं, की माळी येण्याआधी दोन दिवस पाणी बंद ठेवावे. कोरडी माती कुंडीतून सुटते लवकर हे खरं आहे, माळ्याचं काम हलकं होतं, पण झाडाचं काय?

कुंडीबद्दल दादांचं म्हणणं सरळ होतं. 20 इंचाची बिलकुल नको. आत्ता 16 ची आहे ना, 16 चीच घ्या, फक्त तोंड बुडापेक्षा रुंद असलेली, आणि सिमेंटची नको. ही 16 ला 16 वाली गोष्ट मला आधी कोणीच सांगितली नव्हती, सगळीकडे हेच ऐकायला मिळतं की झाड वाढलं की कुंडी वाढवा. ते लहान रोपाला ठीक आहे. पण जे झाड जेवढं व्हायचं तेवढं झालंय त्याला दर वेळी मोठ्या कुंडीत घालत गेलो तर शेवटी बाल्कनीत हौद बांधावा लागेल. आणि दुसरं म्हणजे मुळांचा गोळा लहान आणि भोवती चार-चार इंच नुसती माती असली की त्या मातीतलं पाणी ओढायला तिथे मूळच नसतं, ती ओलीच्या ओली राहते. जुलैमध्ये नाशकात हवा अशी दमट असते की वरून सुकतच नाही, आणि मुळं कुजतात. मग आपण म्हणतो एवढी मोठी कुंडी घेतली, महाग माती घातली, तरी झाड गेलं.

मी जुन्या नाशकात जाऊन भाजलेल्या मातीची 16 इंची घेऊन आले. दादांनी सांगितल्याप्रमाणे रात्रभर पाण्याच्या टबात बुडवून ठेवली, कारण कोरी कुंडी आपणच पाणी पिते आणि नवीन मातीला कोरडं करून टाकते. टाकल्या टाकल्या बुडबुडे यायला लागले ते बराच वेळ येत होते.

दादा मूळचे दिंडोरी तालुक्यातले, आधी द्राक्षबागांवर छाटणीची कामं करायचे, आता नर्सरीत. सांगितलेल्या वेळेवर आले, जे नाशकात सध्या रस्त्यांची अवस्था बघता कौतुकाचंच आहे. सोबत एक पोरगा, दोन बारदानं, जाड प्लास्टिक, दोन कैच्या, एक करवत, खुरपी आणि बांबूची काडी. हत्यारं स्पिरिटने पुसून घेतली. हे मी मुद्दाम लिहितेय कारण याआधी सोसायटीत येणारे माळी एकाच कैचीने रोगट गुलाब कापून तीच कैची पुढच्या घरी नेताना पाहिलेत.

खरी परीक्षा झाड बाहेर काढण्याची. पोटवाल्या कुंडीत मुळं फुगीर भागात भरलेली असतात आणि तोंड लहान, म्हणजे गोळा बाहेर येणार कुठून? दोनच रस्ते, कुंडी फोडा नाहीतर गोळा कापा. पोरगा हातोडी घेऊन तयारच होता पण सासूबाईंनी कुंडी फोडायची नाही असं आधीच बजावलेलं. मग दादांनी कुंडी बारदानावर आडवी केली, खालच्या भोकातून डोकावणारी मुळं कापली, आणि त्या भोकात बागेच्या पाइपचं तोंड घट्ट धरून नळ सोडला. पाण्याच्या दाबाने आतून माती सुटायला लागली, कडेने गढूळ पाणी बाहेर यायला लागलं. मग करवतीचं लांब पातं कुंडीच्या आतल्या कडेने गोल फिरवलं. कुंडी थोडी थोडी लोळवत, बाहेरून हाताने थोपटत, आणि खोड ओढायचं नाही, हे त्यांनी पोराला चारदा तरी सांगितलं असेल, खोड धरून ओढलं की वरची साल आणि खालची बारीक मुळं दोन्ही तुटतात. शेवटी गोळा बाहेर आला, बाजूचा थोडा भाग कापावा लागला पण कुंडी शाबूत.

आतलं दृश्य बघण्यासारखं होतं. कुंडीच्या आतल्या आकाराचा ठोकळा, आणि त्याच्याभोवती मुळं शेवयांच्या गुंडाळ्यासारखी गोल गोल फिरलेली. दादांनी खुरपीने थोडं खरवडून दाखवलं, पांढरट आणि पिवळसर, कडक आहेत ती जिवंत, तपकिरी-काळी आणि बोटात दाबली की साल सुटून येते ती मेलेली. मेलेली बरीच होती, विशेषतः तळाशी. आणि गंमत मधेच. गोळ्याच्या अगदी आत लाल चिकणमातीचा एक कडक लाडू निघाला, झाड मूळ नर्सरीतून आलं तेव्हाचा. आपल्याकडे येणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याकडून अशा लाल गोळ्यात बांधून येतात, प्रवासात फुटू नये म्हणून तो गोळा चिकट ठेवतात. आपण पिशवी फाडून तसाच कुंडीत लावतो. भोवतीच्या भुसभुशीत मातीतून पाणी निघून जातं आणि हा मधला लाडू आतून कोरडा ठणठणीत राहतो. इतकी वर्षं झाली तरी तो फुटलेला नव्हता! दादांनी बांबूच्या काडीने टोकरून, पाण्याचा बारीक फवारा मारून तो हळूहळू विरघळवला. याला वेळ लागला, पण माझ्या मते 400 रुपयांतले 200 याच कामाचे.

मग कापाकापी. तळाचा साधारण पाव भाग करवतीने सरळ आडवा कापून टाकला. पाव! सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांचा जीव वर-खाली.

"अहो दादा, एवढं कापलंत तर धरेल का ते?"

"धरेल आजी. उलट नाही कापलं तर धरणार नाही. द्राक्षाला वर्षाला दोन छाटण्या असतात, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडीबार. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मलाही वाटलं होतं की मालकाने वेल मारूनच टाकली."

"ते वरचं झालं. हे मुळाचं आहे."

"जुन्या जाड मुळाने झाड उभं राहतं आजी, पाणी पिणारं मूळ बारीक असतं. आत्ता त्याला बारीक मूळ फुटायला जागाच नाही."

सासूबाईंना पटलं असं नाही म्हणता येणार, पण त्या आत जाऊन चहा टाकायला लागल्या, म्हणजे परवानगी मिळाली.

कडेने गोल फिरलेली मुळं कापणं महत्त्वाचं असतं, हे मला तिथे कळलं. तशीच ठेवली तर नवीन कुंडीत पण ती त्याच गोलात वाढत राहतात, नवीन मातीत शिरतच नाहीत, आणि एखादं जाड मूळ खोडाभोवती फिरून पुढे त्याचाच गळा आवळतं. दादांनी उभे चार काप दिले, कडेची इंचभर जाळी काढली आणि उरलेली मुळं काडीने विंचरल्यासारखी मोकळी केली. मधे पोराला मिक्स आणायला खाली पाठवलं तेव्हा उघडा गोळा ओल्या बारदानाने झाकून ठेवला. ढगाळ हवा होती तरी. बारीक मुळं उघड्या हवेत फार वेळ टिकत नाहीत.

आता मिक्स, आणि इथे ऑफिसचा अर्धा स्टार पण जाणार होता. बॅग उघडली तर काळी माती, शेणखत आणि अगदी नावाला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. अनंताला हे चालत नाही. अनंत आम्लधर्मी मातीतला गडी, त्याला सामू (pH, 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण 5 ते 6 लागतो, आणि आपली नाशिकची काळी माती चुनखडीची, सामू बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर. अशा मातीत लोह असतं पण झाडाला उचलता येत नाही, म्हणून ती पिवळी पालवी आणि हिरव्या शिरा. वर आमची कुंडी सिमेंटची, सिमेंटमधून चुना सुटतो. त्यात सोसायटीचं बोअरचं पाणी, ज्याने कुंडीच्या बाहेरून पांढरा थर चढलेला. म्हणजे तिन्ही बाजूंनी चुना, आणि ऑफिसवाले वर बोनमील विकायला निघालेले, ते पण कॅल्शियमच! गुलाबाला घाला ना, अनंताला कशाला. आडेनियमपासून अनंतापर्यंत सगळ्यांना एकच बॅग, हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष आहे आणि हा मी त्यांना फोनवर पण सांगितला.

शिवाय शेणखत नीट कुजलेलं नव्हतं. दादांनी बॅग प्लास्टिकवर पसरली आणि त्यात बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल वाकलेल्या हुमणीच्या अळ्या. तीन-चार निघाल्या. शेतकऱ्यांना ही हुमणी चांगली माहिती असते, अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते आणि मुळं खाते. कुंडीत एक जरी राहिली तरी बाहेर काही दिसत नाही, झाड फक्त सुकत जातं आणि आपण पाणी वाढवत बसतो. दादांनी अख्खी बॅग हाताने चाळली, अळ्या वेचून बाजूला, आणि मग स्वतःच म्हणाले ताई हे अर्धंच वापरू. आमच्याकडे कोकोपीटची वीट होती, ती भिजवून, पाणी दोनदा बदलून धुतली, कारण कोकोपीटमध्ये मीठ असतं. त्यांच्या पोत्यात लाल माती आणि भाताची तुसं होती. लाल माती, धुतलेलं कोकोपीट, चाळलेलं गांडूळखत, तुसं आणि मूठभर निंबोळी पेंड, असं मिक्स जागेवर बनवलं. काळी माती जवळपास नाहीच. याचे वेगळे पैसे मागितले नाहीत, मीच दिले.

बुडाशी खडीचा थर द्यायचा का म्हणून विचारलं, कारण सगळेच देतात. नाही म्हणाले. भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवला, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता, बस. मी नंतर यावर जरा वाचलं आणि त्यांचं बरोबर आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण चिंब होईपर्यंत ते तिथेच अडून राहतं, म्हणजे खडी टाकून आपण ओला चिखल मुळांच्या आणखी जवळ आणतो, आणि वर मातीची जागा कमी करतो ती वेगळीच.

लावताना जुनी मातीची खूण खोडावर दिसते त्याच पातळीला लावलं, खोलात नाही. वर पाण्यासाठी दीड इंच जागा. भरताना बांबूच्या काडीने हलके हलके टोचत भरलं, म्हणजे पोकळ्या राहत नाहीत, आणि हाताने ठोकून दाबलं अजिबात नाही. मग पाणी, खालून निघेपर्यंत, थोडं थांबून परत एकदा. पहिल्या पाण्याला माती दोन बोटं खाली बसली तिथे वरून आणखी घातली.

वरची छाटणी अगदी बेताची. मेलेल्या काड्या, आत वळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढल्या, गोल फुटबॉल केला नाही याबद्दल त्यांना हात जोडले पाहिजेत. सोसायटीच्या बागेत दिसेल त्या झाडाचा फुटबॉल करायची जी फॅशन आहे ती कुठून आली देव जाणे. आणि वेळेचं पण सांगितलं, की अनंताची छाटणी फुलं संपल्या संपल्या, उशीर केला तर पुढच्या कळ्यांच्या काड्याच कापल्या जातात. कुंडी बदलायला पण हाच काळ, पावसाला सुरुवात झाली की. मे महिन्याच्या उन्हात नाही आणि डिसेंबर-जानेवारीत तर नाहीच, नाशिकची थंडी तुम्हाला माहितीच आहे, निफाडचा पारा पेपरात येतो तेव्हा कुंडीतली मुळं काही वाढत नसतात.

जाताना बाल्कनी धुवून, जुनी माती पोत्यात भरून, जिन्यात सांडलेली पण झाडून गेले. एकूण बिल हजाराच्या आसपास झालं. रूटिंग पावडर, टॉनिक काही घेतलं नाही. दादांनी घ्या असं एकदाही म्हटलं नाही, उलट ऑफिसमधून पोराच्या फोनवर "पॅकेज घेतलं का विचार" असा कॉल आला तेव्हा त्यांनी सरळ गरज नाही म्हणून सांगितलं. नोकरीतल्या माणसाने असं बोलणं सोपं नसतं.

नंतरची देखभाल. ऑफिसचा ऑटोमॅटिक मेसेज आला : रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, आठव्या दिवशी 19:19:19 हे रासायनिक खत. दोन्हीकडे दुर्लक्ष केलं. मुळं अर्धी कापलेली असताना पाणी ओढायची ताकदच कमी, त्यात रोज दोनदा पाणी म्हणजे कुजवण्याचीच तयारी. दादांचा हिशोब असा : बोट दोन पेरं आत घालायचं, ओल लागली तर पाणी नाही. खत महिनाभर नाही, ताज्या कापावर खताचं मीठ लागलं की मुळांची टोकं जळतात. पंधराएक दिवस थेट ऊन नाही, वारा पण नाही, जाळीच्या आत ठेवलं. पानं काही पिवळी होऊन गळली, खालची, जुनी. सासूबाई रोज गळलेली पानं माझ्या समोर आणून ठेवत होत्या, पुरावा म्हणून. मी दादांना फोटो पाठवला, त्यांचं एका ओळीत उत्तर, शेंडा बघा, पानं बघू नका. शेंडा टवटवीत होता. ऑफिसला हाच फोटो पाठवला तर त्यांनी टॉनिकची लिंक पाठवली.

पालवीच्या पिवळेपणासाठी थोडं सविस्तर लिहिते कारण अनंत, इक्झोरा, अझेलिया ठेवणाऱ्या सगळ्यांना नाशकात हा त्रास होतोच. आपल्याकडे लोक हिराकस घालतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, स्वस्त, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, पण चुनखडीच्या मातीत तसंच टाकलं तर थोड्या दिवसांत परत लॉक होतं, मातीत असून झाडाला मिळत नाही, म्हणून चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून द्यायचं. नाहीतर चिलेटेड लोह घ्या, म्हणजे असं लॉक होऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं, आणि पाकिटावर नीट वाचून घ्या, ईडीटीए वालं साडेसहाच्या वरच्या सामूला मातीत फारसं टिकत नाही, फवारणीला चालतं. ईडीडीएचए वालं महाग पण आपल्या मातीत तेच काम करतं. द्राक्षवाल्यांमुळे आपल्या जिल्ह्यात हे दोन्ही सहज मिळतं. आणि पावसाळ्यात बाल्कनीच्या पन्हाळीखाली बादली लावा. पावसाच्या पाण्यात चुना नाही, आणि फुकट आहे. महानगरपालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी पण बोअरपेक्षा बरं, पिण्याच्या नळाचं थोडं काढून ठेवून तेच अनंताला घालतेय आता.

आता दिवाळी होऊन गेलीये. नवीन पालवी चांगली गडद हिरवी आणि चकचकीत आलीये, पिवळेपणा फक्त जुन्या दोन-चार पानांवर राहिलाय. पाणी घातलं की मातीत जिरतं, ताटलीत यायला वेळ लागतो. दुपारी मलूल होणं बंद. फुलांचं उन्हाळ्यातच कळेल, ते आत्ता लिहिण्यात अर्थ नाही, तेव्हा त्यावरून स्टार वाढवायचे की कमी करायचे ते मे महिन्यात बघू. सिमेंटच्या कुंडीत सासूबाईंनी कोरफड लावलीये, तिला चुन्याचं काही वाटत नाही.

बोलवायचं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा की जुनं झाड आहे, मुळं छाटून त्याच मापात बसवायचंय, मुळं छाटायची सवय असलेला माणूस पाठवा. नुसतं रिपॉटिंग म्हटलं तर कोणालाही पाठवतात, शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक पोरगा आला तो जास्वंदीचा अख्खा गोळा न सोडवता तसाच मोठ्या कुंडीत ठेवून, कडेने माती भरून, वीस मिनिटांत पैसे घेऊन गेला. कुंडी स्वतः आणा, 16 च्या जागी 16, फारच गच्च झालं असेल तर 18, त्यापुढे कोणी सांगत असेल तर तो कुंडी गळ्यात मारतोय. त्यांचं मिक्स घ्यावंच लागत असेल तर समोर प्लास्टिकवर ओतून बघा. लहान रोपासाठी मात्र बोलवू नका, ते स्वतः करा, येण्याचे 250 कशाला घालवायचे.

आमच्याकडे एक जुनी बोगनवेल पण आहे, तिची पण कुंडी बदलू का म्हणून दादांना विचारलं होतं. त्यांनी हात पण लावला नाही. तिचं मूळ नाजूक, गोळा फुटला की रुसते, आणि थोडी आवळलेली असली तरच फुलते, तिला राहू द्या म्हणाले, फारच झालं तर फेब्रुवारीत गोळा न फोडता दोन इंच मोठ्या कुंडीत सरकवू. जास्वंदीला मात्र फेब्रुवारीत नक्की बोलवणार आहे, ऑफिसला सांगून ठेवलंय की तेच दादा पाहिजेत, दुसरा कोणी आला तर परत पाठवीन.